पहिला आयुक्त, पहिला वाद : आर्थर क्रॉफर्ड

मुंबईच्या म्युनिसिपल कारभाराची सूत्रे प्रथमच एका अधिकाऱ्याच्या हाती आली ती १८६५मध्ये. त्या अधिकाऱ्याने सहा वर्षांत शहराचा चेहरा बदलला आणि तिजोरीही रिकामी केली. त्याच्याविरुद्ध उसळलेल्या असंतोषातून मुंबईला निवडून दिलेली महापालिका मिळाली. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांच्या कर्तृत्वाची आणि अधःपाताची ही कहाणी.

विशेष प्रतिनिधी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून उत्तरेकडे चालू लागले की काही मिनिटांतच घड्याळाचा एक मनोरा दृष्टीस पडतो. त्याच्या पायथ्याशी फळांच्या राशी, मसाल्यांचा दरवळ, हमालांची लगबग आणि गिऱ्हाइकांची घासाघीस असा सगळा संसार पसरलेला असतो. या वास्तूचे अधिकृत नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. मात्र टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना मुंबईकराच्या तोंडी आजही नाव येते ते क्रॉफर्ड मार्केटचेच. नाव टिकले, पण माणूस विस्मरणात गेला. हा क्रॉफर्ड कोण, हे तेथे रोज खरेदीला जाणाऱ्या शंभरांतल्या दहांनाही ठाऊक नसावे.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे पहिले महापालिका आयुक्त. शहराचा कारभार एका सक्षम अधिकाऱ्याच्या हाती सोपविला तर काय साधते आणि त्याला हिशेब विचारणारा कोणी नसला तर काय बिघडते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या आयुष्यात सापडतात.

पैसा मुबलक, गटारे तुंबलेली

क्रॉफर्ड यांचा जन्म १८३५चा. मुलकी सेवेत दाखल होऊन ते तरुणपणीच मुंबई इलाख्यात आले. तडफदार, हुशार, मनमिळाऊ आणि कमालीचे खर्चिक अशी त्यांची ख्याती होती. यातले पहिले तीन गुण मुंबईच्या उपयोगी पडले. चौथ्याने मुंबईला आणि खुद्द क्रॉफर्ड यांनाही अडचणीत आणले.

तो काळ मुंबईच्या सुवर्णज्वराचा होता. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथून लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा आटला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका आणि समुद्र बुजविण्याच्या कंपन्या रोज नव्याने निघू लागल्या. कामाच्या शोधात माणसांचे लोंढे शहरात येऊ लागले. १८६४च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेल्याची नोंद झाली.

एवढी माणसे सामावून घेण्याची शहराची तयारी मात्र मुळीच नव्हती. उघडी गटारे, घरांमागे साचणारा मैला, रस्त्याकडेला कुजणारा कचरा, वस्तीच्या मधोमध चालणारे कत्तलखाने आणि कातडी कमावण्याचे धंदे असे शहराचे रूप होते. पटकीची साथ हा मुंबईचा नेहमीचा पाहुणा झाला होता. कोटाबाहेरच्या 'नेटिव टाउन'मध्ये परिस्थिती विशेष भीषण होती.

कारभाराची व्यवस्था याला मोठ्या प्रमाणात जबाबदार होती. १८४५पासून शहराची स्वच्छता एका मंडळाकडे होती. पुढे ते बरखास्त करून तीन म्युनिसिपल कमिशनर नेमण्यात आले. विहार तलावाचे पाणी १८६०मध्ये शहरात आले, ही या व्यवस्थेच्या काळातली मोठी कामगिरी. पण रोजच्या कारभारात तिघांचा मेळ बसणे कठीण होई. जबाबदारी तिघांत वाटली गेल्यामुळे ती कोणा एकाची राहिली नाही. तुंबलेल्या गटाराबद्दल जाब विचारायचा तरी कोणाला, हेच कळत नसे.

एका हाती कारभार

यावर उपाय म्हणून १८६५चा दुसरा कायदा झाला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची ती कारकीर्द. या कायद्याने शहरातील जस्टिस ऑफ द पीस मंडळींची एक संस्था बनविण्यात आली. म्युनिसिपालिटीची मालमत्ता आणि तिचे उत्पन्न या संस्थेच्या नावे राहिले. कारभाराचा संपूर्ण अधिकार मात्र सरकारने नेमलेल्या एका पूर्णवेळ आयुक्ताकडे देण्यात आला. त्याच्या जोडीला हिशेब तपासण्यासाठी एक कंट्रोलर नेमण्याची तरतूद होती.

कागदावर ही रचना नीटनेटकी दिसत होती. आयुक्ताने कामे करायची, जस्टिसांनी पैसा मंजूर करायचा आणि कंट्रोलरने हिशेबावर नजर ठेवायची. प्रत्यक्षात जस्टिस ही सरकारने नेमलेली, प्रतिष्ठित पण विस्कळीत मंडळी होती. करदात्यांनी त्यांना निवडून दिलेले नव्हते. त्यांतील अनेकांना म्युनिसिपालिटीच्या जमाखर्चात डोके घालण्याइतकी सवडही नव्हती आणि आवडही नव्हती. सगळा भार आणि सगळी सत्ता आपोआपच आयुक्ताच्या खुर्चीकडे गेली. त्या खुर्चीवर बसले तिशीतले क्रॉफर्ड.

त्यांनी सूत्रे हाती घेतली ती वेळ मोठी विचित्र होती. अमेरिकेतले युद्ध संपले होते, कापसाचे भाव कोसळले होते आणि १८६५च्या मध्यास मुंबईतले सट्ट्याचे साम्राज्य पत्त्यांच्या बंगल्यासारखे ढासळले. कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर झाले. कर भरणारे हात आखडले. नेमक्या याच वेळी शहर साफ करण्याचे खर्चिक काम उभे राहिले होते.

सहा वर्षांची झपाटलेली कारकीर्द

क्रॉफर्ड यांनी कामाला सुरुवात केली ती घाणीपासून. आरोग्य अधिकारी डॉ. ह्यूलेट हे त्यांचे मोठे साहाय्यक होते. कचरा आणि मैला रोज उचलला जाईल, अशी यंत्रणा त्यांनी बसविली. मैला वाहून नेणाऱ्या 'हलालखोर' कामगारांच्या अमानुष कष्टांवरच ही यंत्रणा उभी होती, हे येथे नमूद केले पाहिजे. शहर स्वच्छ झाल्याचे श्रेय साहेबाला मिळाले. ज्यांच्या डोक्यावरून ती घाण गेली त्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत.

वस्तीतले उपद्रवी धंदे शहराबाहेर हलविण्याचा सपाटा क्रॉफर्ड यांनी लावला. कत्तलखाना वांद्र्याला नेण्यात आला. नवे रस्ते आखले गेले, जुने रुंद झाले. कार्यकारी अभियंता म्हणून कॅप्टन हेक्टर टुलक आले आणि त्यांनी सांडपाण्याचा व पाणीपुरवठ्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला. विहारचे पाणी पुरेनासे झाले होते. पुढे १८७०च्या दशकात तुळशी तलाव बांधला गेला. मुंबईला पाणी किती लागेल याचा दूरवरचा विचार होऊ लागला तो याच काळात.

या सगळ्यांत लोकांच्या डोळ्यांत भरले ते नवे मार्केट. भाजी, फळे, मांस, मासळी यांची विक्री तोवर अरुंद आणि गलिच्छ बाजारांत होत असे. अन्न स्वच्छ जागी विकले गेले नाही तर रोगराई हटणार नाही, असे क्रॉफर्ड यांचे मत होते. कोटाच्या उत्तरेला, 'नेटिव टाउन' जेथे सुरू होते त्या सीमेवर भव्य मंडई बांधण्याचे ठरले. वास्तुविशारद विल्यम एमर्सन यांनी आराखडा केला. दर्शनी भागावर हिंदी शेतकऱ्यांची शिल्पे कोरली गेली ती जे. जे. कलाशाळेतले शिक्षक लॉकवुड किपलिंग यांच्या हातून. सुमारे २२ हजार चौरस मीटरचा परिसर, त्यापैकी साडेपाच हजार चौरस मीटरवर इमारत आणि वर लोखंडी सांगाड्याचे उंच छत. मधल्या कारंज्याला सर कावसजी जहांगीर यांची देणगी लाभली. १८६९मध्ये मंडई पूर्ण झाली आणि तिला आयुक्तांचेच नाव देण्यात आले.

शहर बदलले होते, याविषयी त्यांच्या विरोधकांचेही दुमत नव्हते. रोगराई हटली, मृत्यूंचे प्रमाण घटले. परदेशी प्रवासी मुंबईची वाखाणणी करू लागले. प्रश्न एवढाच होता, की हे सारे कोणाच्या पैशातून आणि कोणाच्या परवानगीने झाले?

हिशेबाची वेळ

क्रॉफर्ड यांना काम दिसले की खर्चाचा विसर पडे. मंजुरी हाती येण्याची वाट पाहत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आधी काम सुरू करायचे, मग जस्टिसांपुढे बिल ठेवायचे, असा प्रघात पडला. अंदाजपत्रकातले आकडे आणि प्रत्यक्ष खर्च यांचा संबंध सुटत चालला. म्युनिसिपालिटीवर कर्जाचा बोजा वाढला. तो फेडायचा म्हणजे घरपट्टी आणि इतर कर वाढविणे आले. मंदीने आधीच पिचलेल्या मुंबईकराला हे असह्य झाले.

१८७१मध्ये या असंतोषाचा भडका उडाला. जे. ए. फोर्ब्स या व्यापारी जस्टिसाने आघाडी उघडली. करदात्यांच्या सभा भरू लागल्या. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे लोकाग्रणी पुढे सरसावले. टाउन हॉलमध्ये जस्टिसांच्या वादळी बैठका झाल्या. आयुक्ताचे अधिकार काढून ते नगरातील प्रतिनिधींच्या समितीकडे द्यावेत, अशी मागणी जोर धरू लागली. आयुक्त हे पदच सगळ्या दुखण्याचे मूळ आहे, असा सूर सर्वत्र उमटत होता.

या गदारोळात एका तरुणाने वेगळा सूर लावला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेले, जेमतेम २६ वर्षांचे फिरोजशहा मेहता. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील सभेत त्यांनी एक निबंध वाचला. क्रॉफर्ड यांनी उधळपट्टी केली, हे त्यांनी नाकारले नाही. पण शहराला जे मिळाले ते क्रॉफर्ड यांच्या जागी समिती असती तर मिळाले नसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोष आयुक्ताच्या अधिकारांत नाही, त्या अधिकारांवर पहारा ठेवणाऱ्यांत आहे. जस्टिसांनी डोळे मिटून घेतले, कंट्रोलर निष्प्रभ ठरला आणि करदात्याला तर व्यवस्थेत जागाच नव्हती. तेव्हा कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवावा आणि त्याच्यावर देखरेख करणारी सभा लोकांनी निवडून दिलेली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

श्रोत्यांना हे रुचले नाही. आयुक्ताची बाजू घेणारा हा तरुण लोकांचा शत्रूच भासला असावा. पण काळाने कौल दिला तो त्याच्याच बाजूने. मुंबईच्या नागरी कारभाराचे पुढचे दीडशे वर्षांचे सूत्र त्या निबंधात होते.

क्रॉफर्ड यांना १८७१मध्येच आयुक्तपद सोडावे लागले. पुढच्याच वर्षी १८७२चा तिसरा कायदा झाला. ६४ सभासदांची महापालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी आणि १६ सरकारने नेमायचे, अशी विभागणी होती. खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी १२ जणांची नगर समिती नेमण्यात आली. आजच्या स्थायी समितीची ती पूर्वज. आयुक्ताचे पद कायम राहिले, पण त्याच्या खर्चावर लोकांच्या प्रतिनिधींचा अंकुश आला. १८७३मध्ये या महापालिकेच्या पहिल्या निवडणुका झाल्या. मतदानाचा हक्क मूठभर करदात्यांपुरताच होता हे खरे. तरीही आपल्या शहराचा कारभारी कोण आणि त्याला जाब विचारायचा कोणी, हे ठरविण्यात नागरिकाचा शिरकाव झाला होता.

पुण्याचे प्रकरण

क्रॉफर्ड यांची गोष्ट येथे थांबली असती तर एक कर्तबगार पण उधळ्या अधिकारी एवढीच त्यांची नोंद इतिहासात राहिली असती. पण मुंबईतून बाहेर पडल्यानंतरही सरकारी सेवेत त्यांची चढती कमान होती. पुढे ते मध्य विभागाचे महसूल आयुक्त म्हणून पुण्यास आले. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या त्यांच्या हाती होत्या. येथेही सत्ता एकवटलेली होती आणि पहारा सैल होता.

या काळात क्रॉफर्ड कर्जात बुडालेले होते. साहेबांना खूश केल्याशिवाय बढती मिळत नाही आणि नको ती बदली टळत नाही, अशी कुजबूज वर्षानुवर्षे चालू होती. मध्यस्थांमार्फत पैसा पोहोचविला जातो, असे बोलले जाई. अखेर १८८८मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशीचा बडगा उगारला. क्रॉफर्ड निलंबित झाले. वेष पालटून देशाबाहेर निसटण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि मुंबईत ते पकडले गेले. ज्या शहरात त्यांच्या नावाची मंडई दिमाखात उभी होती, त्याच शहरात हा मानहानीचा प्रसंग त्यांच्यावर ओढवला.

चौकशीसाठी आयोग बसला. लाच दिल्याची कबुली अनेक मामलेदारांनी दिली. खरे सांगाल तर तुमच्यावर कारवाई होणार नाही, असे अभय सरकारने त्यांना दिले होते. आयोगाने मात्र लाचखोरीचे आरोप सिद्ध झाले नाहीत, असा निर्वाळा दिला. हाताखालच्या लोकांकडून आणि आपल्या अधिकारक्षेत्रातील रहिवाशांकडून नियमबाह्य कर्जे घेतल्याचे तेवढे शाबीत झाले. त्या कारणावरून क्रॉफर्ड यांना सेवेतून काढण्यात आले.

त्यानंतर वेगळेच नाट्य घडले. साहेब सुटले आणि कबुली देणारे मामलेदार अडकले. लाच दिल्याचे स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्यांना सरकारी पदावर ठेवता कामा नये, असा आग्रह विलायतेतून धरला गेला. सरकारने दिलेला शब्द मोडला जातो आहे, हे पाहून पुण्यात संतापाची लाट उसळली. तिशीतले बाळ गंगाधर टिळक मामलेदारांच्या पाठीशी उभे राहिले. लेख, सभा, विलायतेतील हितचिंतकांमार्फत प्रयत्न, अशा सर्व मार्गांनी त्यांनी ही बाजू लढविली. लोकमान्यांच्या सार्वजनिक आयुष्यातला हा सुरुवातीचा मोठा लढा. अखेर १८८९मध्ये मामलेदारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. तरीही त्यांपैकी काहींच्या नोकऱ्या गेल्याच.

योगायोग असा, की ज्या १८८८ साली क्रॉफर्ड यांची चौकशी सुरू झाली, त्याच साली मुंबई महापालिकेचा नवा कायदा झाला. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्याला आकार देण्यात मोठा वाटा उचलला. महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी अधिकारांची त्रिसूत्री त्या कायद्याने पक्की केली. असंख्य दुरुस्त्या होऊनही मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो.

आयुक्ताचे काम नेमके काय?

सर्वसामान्य नागरिकाला महापौर ठाऊक असतो, नगरसेवक ठाऊक असतो. आयुक्ताचे स्थान मात्र काहीसे धूसर असते. १८८८च्या कायद्यानुसार आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते. महापालिकेचा कार्यकारी अधिकार त्याच्याकडे असतो. अंदाजपत्रक मांडणे, कर वसूल करणे, मंजूर झालेली कामे पार पाडणे, कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ठेवणे, अनधिकृत बांधकामांवर कारवाई करणे ही त्याची कर्तव्ये. मोठ्या कंत्राटांना स्थायी समितीची आणि धोरणांना सभागृहाची मंजुरी त्याला घ्यावी लागते. सभागृहातील पाच अष्टमांश सदस्यांनी विरोधात मत दिले तर सरकारला आयुक्त परत बोलवावा लागतो, अशीही तरतूद आहे.

या प्रत्येक कलमामागे क्रॉफर्ड यांची सावली आहे. समितीच्या घोळात कामे अडू नयेत म्हणून अधिकार एका हाती दिले गेले आणि ते हात मोकाट सुटू नयेत म्हणून सभागृहाचा पहारा बसविला गेला. यातला एक खांब काढला तर दुसरा कलतो.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. मार्च २०२२मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही आणि आयुक्तच प्रशासक झाले. मंजुरी मागणारा आणि मंजुरी देणारा एकच, अशी स्थिती निर्माण झाली. हजारो कोटींची अंदाजपत्रके २२७ नगरसेवकांच्या चर्चेविना मंजूर होत गेली. जानेवारी २०२६मध्ये निवडणूक होईपर्यंत ही अवस्था कायम होती. राज्यातील इतर अनेक महापालिकांचीही हीच गत होती. या काळातल्या प्रशासकांच्या कर्तबगारीविषयी मतभेद असू शकतात. पण १८७१मध्ये फिरोजशहांनी मांडलेला मुद्दा माणसाचा नव्हताच, व्यवस्थेचा होता. अधिकारी कितीही लायक असला तरी त्याला प्रश्न विचारणारे सभागृह हवे.

दोन मंडया, एक नाव

सेवेतून गेल्यावर क्रॉफर्ड इंग्लंडला परतले आणि लेखनाकडे वळले. पुण्यातील घडामोडींवर त्यांनी १८९७मध्ये पुस्तक लिहिले. कोकणात अधिकारी म्हणून काढलेल्या दिवसांची आठवण त्यांनी मनात जपली होती. तेथील दंतकथाही त्यांनी ग्रंथरूपात आणल्या. १९११मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांना पायउतार करणाऱ्या लॉर्ड रे यांच्या नावानेही पुण्यात एक मंडई होती. १८८६मध्ये बांधून झालेले हे रे मार्केट उभारायचे ठरले तेव्हा पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले सरकारनियुक्त सभासद होते. गोरगरिबांच्या मुलांच्या शाळांना पैसा नसताना मंडईच्या देखण्या इमारतीवर लाखो रुपये घालण्यास त्यांनी विरोध केला होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेने हजार रुपये खर्चू नयेत, असे सांगणारेही सभागृहात ते एकटेच होते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे नावे बदलली. पुण्याचे रे मार्केट महात्मा फुले मंडई झाले आणि मुंबईचे क्रॉफर्ड मार्केटही महात्मा ज्योतिबा फुले मंडई झाले. खर्चाचा विचार न करता मंडई बांधणाऱ्या आयुक्ताचे नाव पुसून तेथे मंडईच्या खर्चाला हरकत घेणाऱ्या सभासदाचे नाव लागले. नामांतर करणाऱ्यांच्या मनात हा विचार बहुधा नसावा. पण शहराला दोघांचीही गरज असते. एकाने धडाडीने काम करावे आणि दुसऱ्याने सभागृहात उभे राहून, हा पैसा कोणाचा आणि तो कशासाठी, असे विचारावे. मुंबईकर आजही मंडईला जुन्या नावाने हाक मारतो. त्या नावाबरोबर हा धडाही त्याने लक्षात ठेवायला हरकत नाही.